बाजार आणि वस्ती : भोपाळच्या चौकाचा धडा



एखाद्या शहराचा इतिहास सांगू लागले म्हणजे आपले लक्ष साहजिकच किल्ल्यांकडे, तहनाम्यांकडे आणि गादीवर बसलेल्यांच्या नामावळीकडे जाते. परंतु ज्या रस्त्यावर त्या शहराने आपले मीठ, आपले कापड, आपली औषधे आणि आपल्या लेकींच्या लग्नातले दागिने पिढ्यान्‌पिढ्या खरेदी केले, त्या रस्त्याचा वृत्तांत लिहिण्याचे कुणाच्या फारसे मनात येत नाही. आजच्या व्याख्यानासाठी मी तोच विषय निवडला आहे. भोपाळ आज लहान गाव राहिलेले नाही; २०११ च्या जनगणनेत महानगरपालिकेच्या हद्दीतील लोकसंख्या १७,९८,२१८ होती. तथापि १९५१ मध्ये ती जेमतेम एक लाखाच्या घरात होती, आणि मी ज्या चौक बाजाराविषयी बोलणार आहे, तो त्या लहान, तटबंदीच्या आतल्या भोपाळचा हमरस्ता होता. माझे प्रतिपाद्य आरंभीच सांगून टाकतो. दुकाने बदलणे हा बाजाराचा रोग नव्हे, तो त्याचा स्वभाव आहे. गिऱ्हाईक बदलले की दुकान बदलते आणि ते बदललेच पाहिजे. बाजार मोडतो तो त्याच्या आसपासची वस्ती उठली म्हणजे.

या शहराचा पाया दोस्त मोहम्मद खानाने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात फतेहगढचा किल्ला बांधून घातला. पुढे तटाच्या आत आणि वेशींपाशी जे मोहल्ले वसले, त्यांची इतवारा, मंगळवारा, बुधवारा, जुमेराती ही नावे ऐकताच आपल्यापैकी कुणाही पुणेकराला आपल्या पेठा आठवल्यावाचून राहणार नाहीत. आणि वारांच्या नावांनी ओळखले जाणारे हे मोहल्ले पाहिले म्हणजे नगररचनेच्या या बाबतीत दख्खन आणि माळवा यांचे पूर्वापार किती साम्य होते, तेही ध्यानात येते. १८१२-१३ मध्ये शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांनी याच शहराला कित्येक महिने वेढा घातला आणि वजीर मोहम्मद खानाने मोठ्या शर्थीने ते राखले. वेढ्याच्या दिवसांत कोणत्याही शहराची पेठ बंद पडते, कारण रसद तुटते आणि ज्यांना जाता येते ते निघून जातात. पुढे बंदोबस्त स्थिर झाला, रयत राहू लागली, आणि रयतेपाठोपाठ दुकानदारही स्थिरावला. राज्यकर्ता बाजार बसवू शकतो, परंतु तो चालवते ती रयतच.

१८१९ पासून १९२६ पर्यंत, मधली काही वर्षे वगळता, भोपाळचा कारभार चार बेगमांनी पाहिला, आणि चौकाला आज दिसणारे रूप बव्हंशी त्यांच्याच काळात आले. कुदसिया बेगमेने बांधवलेली जामा मशीद १८५७ मध्ये पूर्ण झाली. उंच जोत्यावर उभ्या असलेल्या या मशिदीच्या पायथ्याशी चहूबाजूंनी दुकानांची रांग आहे. वर उपासना आणि खाली उदीम, अशी ही रचना आहे. मशिदीभोवती सराफा, लोहा बाजार, इब्राहिमपुरा, लखेरापुरा अशा गल्ल्या पसरल्या. लाखेच्या बांगड्या करणारे लखेरे आपल्या मोहल्ल्यात राहत आणि तेथेच माल घडवीत. जरदोजीचे कारागीर चौकाच्या मागच्या घरांत कारचोबाच्या चौकटीवर मखमल ताणून बसत. आणि पान-सुपारीसाठी वापरले जाणारे भोपाळचे नामांकित बटवे, जर आणि मणी यांनी सजून, तेथूनच दुकानात येत. गिऱ्हाईक होते ते दरबाराचे, दरबारच्या चाकरांचे आणि जहागीरदारांच्या जनान्यांचे. अशा गिऱ्हाइकाचा व्यवहार वहीवर चाले. तनखा निघाला की तगादा आणि तनखा थकला की उधारी, हे दुकानदाराचे पंचांग होते. पडदानशीन स्त्रियांसाठी बेगमांच्या काळी परीबाजारही भरे, जेथे विकणाऱ्याही स्त्रियाच असत. गिऱ्हाइकाच्या मर्यादा ओळखून बाजार आपली घडण कशी बदलतो, याचे हे उत्तम उदाहरण होय.

पहिला मोठा पालट आगगाडीने घडवला. १८८४ मध्ये इटारसीकडून लोहमार्ग भोपाळला पोहोचला आणि १८९६ मध्ये उज्जैनकडचा मार्ग खुला झाला. जो माल पूर्वी बैलांच्या पाठीवरून येई, तो आता वाघिणींतून येऊ लागला. गिरणीचे कापड आणि कारखान्यात घडलेल्या लोखंडी वस्तू गल्लीत घडलेल्या वस्तूंच्या शेजारी मांडल्या गेल्या. मारवाडी, जैन आणि बोहरी व्यापाऱ्यांच्या पेढ्यांचे महत्त्व वाढले, आणि हातावर घडवणाऱ्याच्या जोडीला अडत्या आणि घाऊक व्यापारी आले. यात काही कारागिरांचा रोजगार बुडाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. तरीही वस्ती जागच्या जागीच होती, म्हणून बाजारही जागचा हलला नाही.

दुसरा पालट राजकीय होता. १ जून १९४९ रोजी भोपाळ संस्थान भारतात विलीन झाले आणि दरबार हे गिऱ्हाईक एकाएकी नाहीसे झाले. त्याच सुमारास सिंधमधून निर्वासित झालेली कुटुंबे शहराबाहेर बैरागढला, युद्धकाळात इटालियन कैद्यांसाठी उभारलेल्या छावणीच्या बराकींत, येऊन राहिली. घरदार आणि पेढी गमावून आलेल्या या लोकांनी त्या बराकींच्या आसऱ्याने कापडाची घाऊक पेठ उभी केली. आज संत हिरदारामनगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या बैरागढचा लौकिक दूरवर आहे. लोकांपाशी गल्ला नसला तरी वस्ती असली आणि हुन्नर असला की बाजार उभा राहतो, याचा याहून ठळक पुरावा शोधावा लागणार नाही.

तिसरा पालट आपल्यापैकी पुष्कळांच्या घराण्यांशी निगडित आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य झाले, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि राजधानीचे दफ्तर नागपूरहून भोपाळला आले. नागपूर, ग्वाल्हेर, इंदूर, रीवा येथून सरकारी नोकरांची कुटुंबे येऊन तात्या टोपेनगरच्या क्वार्टरांत राहू लागली. ज्या नागपूरच्या फौजा एकदा हे शहर जिंकण्यासाठी आल्या होत्या, त्याच नागपूरची माणसे आता येथे संसार थाटण्यासाठी आली. त्यांच्यासाठी न्यू मार्केट वसले. गिऱ्हाईक पहिल्या तारखेला पगार घेणारे, बायकामुलांसह संध्याकाळी फिरायला बाहेर पडणारे आणि भाव विचारून रोख देणारे असे होते. म्हणून दुकानेही शालेय गणवेशांची, पुस्तकांची, साड्यांची, भांड्यांची आणि मिठाईची निघाली. कामगारांच्या सहकारी संस्थेने चालवलेले इंडियन कॉफी हाउस तेथे आले, आणि कारकून, पत्रकार, लेखक व मंत्रालयातील अधिकारी तेथे एकत्र बसू लागले. पिपलानी आणि बरखेडा येथे हेवी इलेक्ट्रिकल्सच्या कामगारांच्या वसाहतींलगत अशाच पेठा निघाल्या. राजधानी आली तेव्हा चौकाचे दिवस भरले असे पुष्कळांना वाटले असेल. पण तसे झाले नाही, कारण लग्नाचा बस्ता, सोने, किराणा आणि घाऊक माल यांसाठी क्वार्टरांतली माणसेही चौकातच येत राहिली.

२ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्रीविषयी बोलताना शब्द जपून वापरले पाहिजेत. विषारी वायू युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून निघून ज्या वस्त्यांवर पसरला, त्या जुन्या शहराच्या उत्तरेकडच्या गरिबांच्या वस्त्या होत्या. हमालांची, हातगाडीवाल्यांची, विडी वळणाऱ्यांची आणि शिवणाऱ्या-विणणाऱ्या स्त्रियांची घरे तेथेच होती. त्याच महिन्यात उरलेला वायू निकामी करण्याचे काम जाहीर झाले तेव्हा हजारो कुटुंबे भीतीने शहर सोडून गेली आणि हमरस्ते ओस पडले. पुढे १९९० पासून वायुपीडितांना दरमहा दोनशे रुपये अंतरिम साहाय्य मिळू लागले. त्या तुटपुंज्या रकमेचा हिशेब औषधात आणि किराण्यातच संपे. ज्यांचे श्रम बाजाराला उभे ठेवतात, त्यांच्या फुप्फुसांना इजा झाली म्हणजे बाजारालाही ती होते. हा हिशेब कोणत्याही खतावणीत कधी मांडला गेला नाही, आणि त्याचे उत्तरदायित्व आजही पुरते चुकते झालेले नाही.

त्यानंतरचे बदल आपल्या डोळ्यांसमोरचे आहेत. २०१० मध्ये महाराणा प्रताप नगराजवळ भव्य डीबी मॉल सुरू झाला. आता तर भ्रमणध्वनीवर मागवलेली वस्तू दारात येऊन पडते. तरीही रमजानच्या रात्री, दिवाळीच्या आधीचे दिवस आणि लग्नसराई यांत चौकात पाय ठेवायला जागा नसते. याचे कारण निव्वळ जुन्याचे प्रेम हे नव्हे. दुकानाच्या वर दुकानदार राहतो, मागच्या गल्लीत दुरुस्ती करणारा आणि शिवणारा राहतो. माल पाहणे, तो बदलून घेणे, मापाचा करून घेणे आणि निम्मे पैसे पुढच्या महिन्यात देणे हे सारे एका हाकेच्या अंतरात होते. शिवाय १९६१ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या भाडेकरूंना जे संरक्षण दिले, त्यामुळे अल्प नफ्याचे धंदेही मोक्याच्या जागी टिकू शकले. परंतु वरचे मजले आता हळूहळू गोदामे होत आहेत, सुस्थितीतील कुटुंबे नव्या वसाहतींत जात आहेत, आणि रात्री दुकाने बंद झाल्यावर काही गल्ल्यांत दिवा दिसत नाही. माझ्या मते मॉलपेक्षा ही गोष्ट अधिक चिंतेची आहे.

न्यू मार्केटने हाच धडा उलट बाजूने शिकवला. २०१६ मध्ये शिवाजीनगर आणि तुलसीनगर येथील नागरिकांनी झाडांसाठी आवाज उठवल्यावर स्मार्ट सिटीची योजना तात्या टोपेनगरकडे वळवण्यात आली, आणि तेथील जुनी सरकारी क्वार्टरे पाडण्यात आली. योजनेत रुंद रस्ते होते, उंच इमारती होत्या, व्यापारी गाळेही होते. पण ज्या कुटुंबांसाठी ती पेठ जन्माला आली, ती पायी येण्याच्या अंतरातून गेली. दुकान पाडले तर त्याची नुकसानभरपाई मागता येते. गिऱ्हाइकाचे घर हलवले तर दुकानदाराने कुणाच्या दारात अर्ज द्यावा, याची तरतूद आपल्या कायद्यांत नाही.

म्हणून महानगरपालिका, नगरनियोजक आणि व्यापारी मंडळे यांना माझी विनंती अशी आहे की, बाजाराच्या सुधारणेचा नकाशा आखताना दुकानांच्या दर्शनी कमानी रंगवण्यापूर्वी त्यांच्या वरच्या मजल्यांची शिरगणती करा. तेथे राहणाऱ्याला पाणी, सांडपाण्याची सोय, आगीपासून संरक्षण आणि मुलांना शाळा द्या. आणि कोणतीही वसाहत पाडण्याआधी तिच्यावर जगणाऱ्या पेठेचे म्हणणे ऐकून घ्या. आपणा श्रोत्यांनाही माझे एवढेच सांगणे आहे की, जेथे आपली ओळख आहे त्या दुकानातली खरेदी मोडू नका, आणि चौकात घर असेल तर ते गोदामाला देण्यापूर्वी एखाद्या राहणाऱ्या कुटुंबाला देण्याचा विचार करा. दुकाने पुढेही बदलत राहतील. पण माणसे तेथे राहती असली, तरच तो बाजार राहील.