नऊवारीवरचा इतिहास

आज मुलांच्या इतिहासाबद्दल बोलू या. पण पुस्तक मिटून ठेवायचं आणि जमिनीवर बसायचं.

आपली मुलं आठवडाभर शाळेत अमेरिकेचा इतिहास शिकतात आणि रविवारी मराठी शाळेत शिवाजी महाराजांच्या गोष्टी ऐकतात. या दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध असेल, असं त्यांच्या मनातही येत नाही. आणि आपल्या माणसांचा इथला इतिहास? तो म्हणजे आई-बाबा विमानतळावर उतरले तो दिवस!

म्हणून आमच्या मराठी शाळेत आम्ही एक जुनी नऊवारी पसरली. नऊ वार म्हणजे 27 फूट, म्हणजेच 324 इंच. एका वर्षाला एक इंच. पदराचं टोक म्हणजे 2025 साल. भारतातल्या घटनांना भगव्या चिठ्ठ्या, अमेरिकेतल्या घटनांना निळ्या. शिवणकामाची टेप घेऊन मुलांनीच मोजायचं आणि कपड्यांच्या चिमट्यांनी चिठ्ठ्या लावायच्या.

पहिली-दुसरीतली मुलं स्वतःच्या जन्मापासून सुरुवात करतात. सात वर्षांच्या मुलाचं सगळं आयुष्य एका वितीत मावतं! मग आईचा जन्म, आजीचा जन्म. वजाबाकी आपोआप होते. अमेरिकेचं स्वातंत्र्य, 1776, पावणेएकवीस फुटांवर. भारताचं स्वातंत्र्य साडेसहा फुटांवर. आणि राज्याभिषेकाची 1674 ची चिठ्ठी? ती साडीवर मावतच नाही. सव्वादोन फूट पुढे, थेट फरशीवर.

सहावी-सातवीतल्या मुलांना थोडं पुढे न्या. 1865 साली इथे गुलामगिरी घटनेनं रद्द झाली. त्याच वर्षी आनंदीबाई जोशी जन्मल्या. भगवी आणि निळी चिठ्ठी एकाच इंचावर! तिथून आठ इंच अलीकडे 1873. त्या साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं. मग 1886: आनंदीबाई फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. या चिठ्ठीचा रंग कोणता, यावर आमच्याकडे वाद झाला. शेवटी मुलांनी दोन्ही लावल्या.

मग आम्ही सगळ्यांना विचारलं, तुमच्या घरचं पहिलं माणूस इथे कधी आलं? सगळ्या चिठ्ठ्या पदराजवळ गोळा झाल्या. एक मुलगी मधल्या रिकाम्या साडीकडे पाहत म्हणाली, “ताई, आनंदीबाईंनंतर इथे कुणी आलंच नाही का?”

हा प्रश्न पुस्तक वाचून पडला नसता. उत्तर शोधताना मुलांना 1917 चा कायदा सापडला. त्याने हिंदुस्थानासह आशियाच्या मोठ्या भागातून इथे येऊन राहणं जवळपास बंद केलं. 1946 साली दार किलकिलं झालं, तेही वर्षाला फक्त 100 भारतीयांपुरतं. ते नीट उघडलं 1965 च्या कायद्याने. 1917 ते 1965, साडीवर बरोबर चार फूट. मुलं त्या चार फुटांवरून चालत गेली. माणसं आली नाहीत, कारण येऊ दिलं नव्हतं, हे त्यांना पावलांनी कळलं.

तेव्हा मंडळी, येत्या सुट्टीत कपाटातली नऊवारी काढा. उत्तरं सांगायची घाई मात्र करू नका. साडीवर जिथे चिठ्ठी नाही, तिथे मुलांना थोडं थांबू द्या. प्रश्न तेच विचारतील.