राखणदाराचीही पारख

खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालापासून उभा आहे. अशा ठिकाणी पहारा हवाच. मात्र पहारेकऱ्यालाही मर्यादा आखून द्यावी लागते. संगणकातील अँटिव्हायरस हाही पहारेकरीच होय. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्याच कॉसमॉस बँकेतून घातक संगणक-प्रणालीच्या साहाय्याने सुमारे ९४ कोटी रुपये पळविले गेले. तेव्हा पहाऱ्याची निकड उघड आहे. परंतु हा पहारेकरी प्रत्येक फाइल पाहतो. ‘अव्हास्ट’ या अँटिव्हायरस कंपनीने ग्राहकांच्या इंटरनेट-वापराची माहिती विकल्याचा ठपका ठेवून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ मध्ये तिला १ कोटी ६५ लाख डॉलर भरावयास लावले. म्हणून शाळा व ग्रामपंचायतींनी पहारा अवश्य बसवावा. परंतु कोणती माहिती बाहेर जाते, हे आधी लेखी विचारून घ्यावे. जनतेची माहिती ही कार्यालयाकडे सोपविलेली ठेव आहे.