विहिरीतला समुद्र



समुद्री वंशाच्या बारीक कवचधारी प्राण्यांवर बोलायला देगलूरइतकी योग्य जागा मला मराठवाड्यात दुसरी दिसत नाही. कारण सांगतो, पण आधी त्या प्राण्यांची ओळख.

१९५० साली चोप्रा आणि तिवारी यांनी बनारसच्या विहिरींतल्या एका आयसोपोडाचं वर्णन केलं. झिंगे-खेकड्यांच्या गोतातला, सात जोड पायांचा, डोळे नसलेला हा जीव. त्याच्यासाठी त्यांनी ‘निकोल्सिया’ ही नवी प्रजाती, म्हणजे जातींचं घराणं, उभी केली. पुढे २०११ मध्ये ऑस्ट्रेलियाचे जॉर्ज विल्सन आणि गुंटूरजवळच्या आचार्य नागार्जुन विद्यापीठाचे रंगा रेड्डी यांनी आंध्रातल्या चुनखडीच्या गुहांतून ‘आंध्राकॉइडिस’ ही दुसरी प्रजाती जगापुढे ठेवली. या दोघांचे कुटुंबातले बाकीचे नातलग राहतात ऑस्ट्रेलियात आणि टास्मानियात. समुद्र ओलांडण्याची ताकद या प्राण्यांत नाही. भारत आणि ऑस्ट्रेलिया गोंडवनात एकत्र होते, तेव्हापासूनचं हे नातं आहे. त्याहून मागे गेलं तर? आयसोपोडांचा सर्वांत जुना ज्ञात जीवाश्म अमेरिकेतल्या इलिनॉयचा, ३० कोटी वर्षांपूर्वीचा. तो निकोल्सियाच्याच मोठ्या गटातला आहे आणि तो समुद्रात राहत होता. आज हा गट गोड्या पाण्यातच उरला आहे.

नवी जाती ओळखणं अवघड आहेच, पण नवी प्रजाती मांडणं ही त्याहून मोठी जबाबदारी. ‘हा प्राणी वेगळा दिसतो’ एवढं म्हणून भागत नाही. ‘हा माहीत असलेल्या एकाही घराण्यात बसत नाही, आणि तरी अमक्याचा सख्खा आहे’, हे दाखवून द्यावं लागतं. त्यासाठी स्पर्शिका, दोन्ही जबडे, प्रत्येक पाय सुईच्या टोकाने सुटा करायचा, ग्लिसरिनच्या थेंबात काचपट्टीवर ठेवायचा आणि सूक्ष्मदर्शीखाली त्याचा रोम न् रोम काढायचा. मी चित्र काढण्याचा आग्रह धरतो. छायाचित्र सगळंच दाखवतं. चित्र काढणाऱ्याला मात्र प्रत्येक काट्यापाशी थांबून ठरवावं लागतं, की हा खरोखर आहे की पाय तुटल्याची खूण आहे. नराचा पाय मादीहून निराळा असेल तर तोही काढायचा. मग जुने लेख आणि शक्य असेल तर जुने नमुने समोर ठेवून ताडून पाहायचं. १९३० नंतर मांडलेल्या प्रजातीला एक आदर्श जाती ठरवून द्यावीच लागते, नाहीतर ते नाव नियमाने उभंच राहत नाही. आणि ज्या नमुन्यावर जातीचं नाव टांगलेलं असतं, तो संग्रहालयात जपावा लागतो. शंभर वर्षांनी कोणी शंका घेतली, तर उत्तर त्या बाटलीत असतं.

आता देगलूर. मराठवाडा बहुतेक काळ्या लाव्ह्याखाली झाकलेला आहे. तो लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे या प्राण्यांच्या मानाने कालचा. पण देगलूर, बिलोली, मुखेडच्या बाजूला लाव्हा संपतो आणि खालचा जुना ग्रॅनाइट उघडा पडतो. त्याच्या भेगांतलं पाणी आपण विहिरींतून आणि बोअरवेलमधून उपसतो. त्या पाण्यात काय राहतं हे पाहायला बोअरच्या तोंडाला बारीक विणीचं रेशमी कापड बांधावं, पंप चालू ठेवावा, कापडावर साचलेला गाळ अल्कोहोलमध्ये घालावा. एवढं काम पदवीच्या मुलांना नक्की जमतं. निकोल्सियाचा भाऊबंद निघेल असं वचन मी देत नाही. रिकामं कापडही तारीख, गाव आणि खोली लिहून नोंदवावं, कारण पाहिलेली विहीर आणि न पाहिलेली विहीर यांत फार मोठं अंतर आहे.

विद्यापीठांच्या संशोधन समित्यांवर आपल्यातले काही जण बसतात, त्यांना माझी विनंती आहे. एका जातीचं किंवा प्रजातीचं नीट वर्णन हा प्रबंधाचा विषय म्हणून मान्य करा. आज विद्यार्थी वर्गीकरण टाळतात, कारण वर्षभर सुईने काम करून हाती एकच लेख येतो. आणि नमुने कॉलेजच्या कपाटात सुकू देऊ नका. पुण्यात भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र १९५९ पासून आहे. नमुने तिकडे सोपवा आणि नोंदवहीची एक प्रत इथे देगलूरला ठेवा.