लॅपटॉपचं झाकण बंद करून बघा!

हेडफोन लावलेत ना? आजचा भाग जरा तांत्रिक आहे, पण घाबरू नका, कोडिंग अजिबात नाहीये. विषय घरातलाच आहे: लॅपटॉपवरचा सिनेमा किंवा सिरीज वायर न लावता टीव्हीवर कशी बघायची, आणि ती अडकते तेव्हा नेमकं काय अडकलेलं असतं.

चित्र डोळ्यांसमोर आणा. रविवारची दुपार, जेवणं झालीत. घरातल्या सगळ्यांचं एकाच सिनेमावर एकमत झालंय, जे मुळातच दुर्मिळ! लॉगिन लॅपटॉपवर आहे, म्हणून तुम्ही तिथनं सिनेमा टीव्हीवर पाठवता. दहा मिनिटांत चित्र अडखळायला लागतं. ओठ आधी हलतात, आवाज मागून येतो. बाबा म्हणतात, "आपलं नेट स्लो आहे, मोठा प्लॅन घेऊ." काका म्हणतात, "टीव्हीच जुना झालाय, दसऱ्याला ऑफर बघू."

थांबा. हे म्हणजे तपासणी न करताच ऑपरेशन झालं. बहुतेक वेळा नेटही ठीक असतं आणि टीव्हीही. गडबड असते ती रस्त्यात. तो रस्ता कोणता, हे एका मिनिटात कळतं आणि त्याला एक रुपयाही लागत नाही. आज एवढंच सांगायचंय.

रस्ते दोन, नाव एकच

आपण सरसकट म्हणतो, "टीव्हीवर कास्ट कर." पण या एका शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी चालतात.

समजा, तुम्हाला देवगडहून हापूसची पेटी ताईच्या घरी पोचवायची आहे. पहिला मार्ग: बागायतदाराला फोन करून ताईचा पत्ता द्यायचा. पेटी थेट तिच्या दारात. तुम्ही फक्त फोन केला. दुसरा मार्ग: पेटी आधी तुमच्या घरी मागवायची, उघडायची, सगळे आंबे बाहेर काढायचे, दुसऱ्या खोक्यात भरायचे आणि मग ताईकडे पाठवायचे. आंबे पोचतात, पण वेळ जातो, मेहनत पडते, चार आंबे दबतातही.

पहिला मार्ग म्हणजे खरं कास्टिंग. प्लेअरमधलं कास्टचं छोटं चिन्ह दाबलं, की लॅपटॉप टीव्हीला फक्त सांगतो, "अमुक ॲपवरचा अमुक व्हिडिओ इथपासून लाव." टीव्ही किंवा त्याला लावलेली काडी स्वतः सर्व्हरकडून व्हिडिओ आणते. तुमचा लॅपटॉप आता फक्त रिमोट. गूगलनं २०१३ मध्ये ३५ डॉलरचं क्रोमकास्ट आणलं आणि ही पद्धत घराघरांत पोचली.

दुसरा मार्ग म्हणजे मिररिंग. इथे लॅपटॉप आधी व्हिडिओ स्वतःकडे घेतो, उलगडतो, स्क्रीनवर दाखवतो, मग त्या स्क्रीनचं सेकंदाला तीस-साठ वेळा चित्र घेऊन, पुन्हा दाबून टीव्हीकडे पाठवतो.

पुन्हा दाबावं का लागतं? हिशोब करू. फुल एचडी स्क्रीनवर १९२० गुणिले १०८० ठिपके. प्रत्येक ठिपक्याला २४ बिट, सेकंदाला ३० चित्रं. गुणाकार केला की सेकंदाला सुमारे दीड अब्ज बिट होतात, म्हणजे १५०० एमबीपीएस. तुमच्या १०० एमबीपीएसच्या लाइनच्या पंधरापट! म्हणून लॅपटॉपला ते सगळं तिथल्या तिथे काही एमबीपीएसमध्ये कोंबावं लागतं. फॅन विमानासारखा का ओरडतो, ते कळलं ना?

आता गंमत बघा. क्रोम ब्राउझरमध्ये दोन्ही गोष्टींना 'कास्ट'च म्हणतात. प्लेअरच्या आतलं चिन्ह दाबलंत, तर साधारणपणे पहिला रस्ता. ब्राउझरच्या तीन ठिपक्यांच्या मेनूत जाऊन पूर्ण टॅब किंवा स्क्रीन कास्ट केलीत, तर दुसरा. तेच चिन्ह, तोच टीव्ही, पण काम अगदी वेगळं.

झाकण टेस्ट

मग आपण कोणत्या रस्त्यावर आहोत हे ओळखायचं कसं? सिनेमा टीव्हीवर सुरू करा आणि लॅपटॉपचं झाकण सरळ बंद करा. लॅपटॉप झोपल्यावरही सिनेमा चालूच राहिला, तर टीव्ही स्वतः आणतोय. थांबला, तर लॅपटॉप हमाली करत होता. झाकण बंद करूनही तुमचा लॅपटॉप जागाच राहत असेल, तर त्याचं वाय-फाय बंद करून बघा. उत्तर तेच मिळेल.

हा फरक कळला की पुढची अर्धी कोडी आपोआप सुटतात.

कोडं पहिलं, अडखळणं. नेटफ्लिक्सच्या शिफारशीनुसार फुल एचडीला ५ एमबीपीएस आणि फोर-केला १५ एमबीपीएस पुरतात. म्हणजे घरी ४० ची लाइन असेल, तर नेट कमी पडण्याचं कारण नाही. पण राउटरमार्गे मिररिंग करताना तोच सिनेमा हवेतून तीनदा जातो: राउटरकडून लॅपटॉपकडे, लॅपटॉपकडून परत राउटरकडे, राउटरकडून टीव्हीकडे. वाय-फायच्या एका चॅनेलवर एका वेळी एकानंच बोलायचं असतं. त्यात बिल्डिंगमधल्या दहा घरांचे राउटर २.४ गिगाहर्ट्झवर गर्दी करून बसलेले. तिथे एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. मग अडखळणार नाही तर काय!

उपाय: प्लेअरमधलं कास्ट चिन्ह असेल, तर तेच वापरा. मिररिंगच करायचं असेल, तर लॅपटॉप आणि टीव्ही दोन्ही ५ गिगाहर्ट्झवर घ्या. तिथे जागा जास्त असते, फक्त तो सिग्नल भिंतीतून कमी जातो. म्हणजे राउटर शक्यतो त्याच खोलीत हवा, कपाटामागे नको. हे सगळं करून झालं की मगच प्लॅन वाढवायचा विचार करा.

कोडं दुसरं, आवाज येतो पण चित्र काळं. अनेकांना वाटतं टीव्ही बिघडला. बिघाड नाहीये, ते कुलूप आहे. सशुल्क सिनेमे कुलूपबंद येतात. गूगलचं वाइडवाइन, मायक्रोसॉफ्टचं प्लेरेडी, ॲपलचं फेअरप्ले ही त्या कुलपांची नावं. आपल्या पेटीवर जणू लिहिलेलं असतं, 'उघडून दुसऱ्या खोक्यात भरू नये'. मिररिंग म्हणजे नेमकं तेच, म्हणून स्क्रीन काळी. अशा वेळी टीव्हीच्या स्वतःच्या ॲपवर लावा किंवा थेट कास्ट करा. सेटिंग उलटीपालटी करत दुपार घालवू नका.

कोडं तिसरं, घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर न सांगण्यासारखं! पूर्ण स्क्रीन मिरर केलीत की स्क्रीनवर येणारं सगळं टीव्हीवर येतं. कोपऱ्यात टपकणारा मेसेजही. समोर आजी, आत्या, सगळे बसलेले. खऱ्या कास्टमध्ये हे होत नाही, कारण टीव्हीकडे तुमची स्क्रीन जातच नाही. मिररिंग टाळता येत नसेल, तर आधी नोटिफिकेशन बंद करा, किंवा पूर्ण स्क्रीनऐवजी फक्त एक टॅब पाठवा.

टीव्ही सापडतच नाही?

आता ज्यांच्या यादीत टीव्हीचं नावच येत नाही, त्यांच्यासाठी. कास्ट करताना लॅपटॉप घरच्या नेटवर्कवर हाक मारतो, "कुणी टीव्ही आहे का?" ती हाक टीव्हीपर्यंत पोचली पाहिजे. तीन गोष्टी बघा.

एक, दोघं एकाच वाय-फायवर आहेत का? लॅपटॉप गेस्ट नेटवर्कवर आणि टीव्ही मुख्य नेटवर्कवर असेल, तर हाक पोचत नाही.

दोन, व्हीपीएन. ऑफिसच्या लॅपटॉपवर तो चालू असेल, तर घरातला टीव्ही बरेचदा दिसेनासा होतो. आमच्या क्षेत्रातल्या मंडळींनो, हे तुमच्यासाठी! आणि ऑफिसचा व्हीपीएन सिनेमासाठी बंद करण्याआधी कंपनीचे नियम आठवा. त्यापेक्षा स्वतःचा फोन वापरलेला बरा.

तीन, हॉस्टेल किंवा पीजीचं वाय-फाय. तिथे राउटरवर अनेकदा क्लायंट आयसोलेशन चालू असतं, म्हणजे एका उपकरणाला दुसरं दिसत नाही. हे मुद्दाम, सुरक्षेसाठी असतं. नाहीतर शेजारच्या खोलीतला पोरगा तुमच्या स्क्रीनवर काहीही लावेल!

अशा ठिकाणी मिराकास्ट कामी येतं. वाय-फाय अलायन्सनं २०१२ मध्ये आणलेली ही मिररिंगची पद्धत. यात लॅपटॉप आणि टीव्ही एकमेकांशी थेट बोलतात, मध्ये राउटर लागत नाही. विंडोज १० किंवा ११ वर विंडोजचं बटण आणि के एकदम दाबा, आणि टीव्हीवर 'स्क्रीन मिररिंग' चालू करा. मॅकवर मिराकास्ट नाही, तिथे ॲपलचं एअरप्ले आहे. म्हणून टीव्ही किंवा काडी विकत घेण्याआधी घरात कोणते लॅपटॉप आणि फोन आहेत ते बघा. क्रोमकास्टच्या काडीवर मिराकास्ट चालत नाही, हे खोक्यावर मोठ्या अक्षरात कुणी लिहीत नाही.

डेटा पॅकचं काय?

घरी ब्रॉडबँड नाही, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर सगळं चालतं, असे आपले बरेच श्रोते आहेत. तुमच्यासाठी एक गोष्ट नीट सांगतो. लॅपटॉपकडून टीव्हीकडे जो प्रवास होतो, तो घरातल्या घरात असतो. त्याचा डेटा पॅकमधून कापला जात नाही. कापला जातो तो इंटरनेटवरून येणारा. तो मात्र बराच असतो: नेटफ्लिक्स एचडीला तासाला ३ जीबीपर्यंत आणि फोर-केला ७ जीबीपर्यंत धरतं. दोन तासांचा सिनेमा एचडीत बघितला, तर ६ जीबीपर्यंत. रोजचा २ जीबीचा पॅक इंटरव्हललाच गार!

इथे एक बारकावा आहे. खऱ्या कास्टमध्ये व्हिडिओ टीव्ही आणतो, त्यामुळे तो मोठ्या स्क्रीनला शोभेल अशी मोठी क्वालिटी मागू शकतो. मिररिंगमध्ये क्वालिटी लॅपटॉपवर ठरते. तिथे ४८० निवडलंत, तर तेवढाच डेटा जाईल. म्हणजे डेटा वाचवायचा असेल, तर दुसरा रस्ताही कामाचा. रस्ता वाईट नसतो, कुठे जायचंय त्यावर ठरतं.

आणि तरीही नाहीच जमलं तर

दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, घाईनं फॅक्टरी रीसेट करू नका. मार्च २०२५ मध्ये दुसऱ्या पिढीची क्रोमकास्ट जगभर एकाएकी बंद पडली. कारण होतं मुदत संपलेलं एक डिजिटल सर्टिफिकेट. गूगलनंच लोकांना सांगितलं होतं, रीसेट करू नका, अपडेट येतंय. ज्यांनी धीर धरला, त्यांची काडी अपडेटनंतर चालू झाली. कधीकधी दोष तुमच्या घरात नसतोच.

दुसरी, आज आहे ते बटण उद्या असेलच असं नाही. नेटफ्लिक्सनं २०१९ मध्ये एअरप्ले काढून टाकलं होतं. म्हणून केवळ एका बटणाच्या भरवशावर महागडी खरेदी नको. साधी एचडीएमआय केबल घरात असू द्या. पाहुणे आलेत, सिनेमा अडकलाय, तेव्हा इज्जत तीच वाचवते! वायर लावणं म्हणजे हार मानणं नव्हे. इंजिनियर लोक तर आधी वायरच लावून बघतात.

तर या आठवड्याचा गृहपाठ: झाकण टेस्ट करा. घरात कुणी नवीन टीव्हीचं किंवा मोठ्या प्लॅनचं नाव काढलं, तर त्यांच्यासमोर करा. काय निघालं, सिनेमा चालू राहिला की थांबला, ते आम्हाला व्हॉइस नोटमध्ये नक्की सांगा. टीव्हीचं मॉडेल आणि लॅपटॉप कोणता तेही सांगा, म्हणजे उत्तर देताना आम्हाला अंदाज बांधावा लागणार नाही.

चला, भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत ऐकत राहा, आणि राउटर कपाटामागून बाहेर काढा!