लहान मंडळीचे नेतृत्व



वीस-पंचवीस कुटुंबांच्या ग्रामीण मंडळीत उपदेश, घरभेटी, शब्बाथशाळा, वर्गणीची वसुली, लग्ने, दफनविधी आणि सोयऱ्याधायऱ्यांतील तंटे मिटविणे ही सर्व कामे बहुधा एकाच पाळकाच्या अंगावर पडतात. तो ती मायेने करतो, आणि मंडळीलाही तेच सोयीचे वाटू लागते. परंतु पाळकाचे नेतृत्व कसे होते, हे त्याची बदली झाल्यानंतरच्या वर्षी कळते, कारण जी मंडळी त्याच्यामागे आपल्या बळावर उपासना, हिशेब आणि दुःखितांची विचारपूस चालू ठेवते, तिचेच पाळकत्व नीट झाले असे म्हणता येते.

हा विचार नवा नाही. अहमदनगर येथे 1831 मध्ये अमेरिकन मराठी मिशनचे कार्य सुरू झाले, आणि त्या मिशनच्या मातृसंस्थेचे चिटणीस रूफस अँडरसन यांनी 1854-55 मध्ये हिंदुस्थानचा दौरा केला. स्थानिक मंडळीने स्वतःचा कारभार पाहावा, स्वतःचा खर्च भागवावा आणि स्वतःच सुवार्ता सांगावी, या त्रिसूत्रीचा त्यांनी आग्रह धरला होता. तथापि पाळकाचे वेतन जेथून येते तेथेच त्याचे उत्तरदायित्व वळते, आणि हे वेतन मिशनकडून येत असेतोवर मंडळीला कारभाराची सवय लागणे कठीणच होते. कवी नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा स्वतंत्र समुदाय आरंभिला, त्यामागे या परावलंबनाविषयीची अस्वस्थताही होती.

मंडळी स्वावलंबी व्हायची तर कामे वाटली गेली पाहिजेत, आणि या वाटणीचा आधार पवित्र शास्त्रातच आहे. दिवसभर एकट्याने निवाडे करणाऱ्या मोशेला त्याचा सासरा इथ्रो याने हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर नायक नेमण्याचा सल्ला दिला. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात, रोजच्या अन्नवाटपात ग्रीकभाषक विधवांची उपेक्षा होते अशी तक्रार आली, तेव्हा या कामासाठी सात जण निवडण्यात आले. त्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत, म्हणजे ज्यांच्या बाजूने तक्रार होती त्यांच्याकडेच बहुधा वाटपाची जबाबदारी सोपविण्यात आली. ज्या मंडळीची कमिटी पिढ्यान्‌पिढ्या एकाच भावकीच्या हाती राहते आणि जिथे सुना, मजूर व नव्याने आलेली कुटुंबे केवळ बाकांवर बसतात, तिने हा अध्याय पुन्हा वाचावा.

पैशाच्या बाबतीत हेच तत्त्व अधिक काटेकोरपणे पाळावे लागते. उपासना संपताच अर्पणाची थैली सर्वांसमक्ष टेबलावर रिकामी व्हावी, दोन वेगवेगळ्या घरांतील व्यक्तींनी नोटा व नाणी मोजून रक्कम वहीत आकड्यांत व अक्षरांत लिहावी, दोघांनी सह्या कराव्यात आणि पाळकाने त्या पैशाला हात लावू नये. असे झाले, तर त्याच्या सचोटीवर शंका घेण्याचे कारणच उरत नाही. मंडळी सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल, तर 1950 च्या सार्वजनिक न्यास कायद्यान्वये वार्षिक हिशेबतपासणी करून घेणे आणि विश्वस्त बदलल्यास नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयाला बदल अहवाल देणे बंधनकारक असते. हे काम पडून राहिले, की पुढे जमिनीचे तंटे उभे राहिल्यावर खरे विश्वस्त कोण, याचाच पुरावा सापडत नाही.

उपासनेतही वाटणी हवी. मराठी ख्रिस्ती परंपरेने अभंग, भजन आणि कीर्तन आपलेसे केले ते समोरच्या माणसाला टाळ धरता यावा, साथ करता यावी म्हणून. त्यामुळे शास्त्रपाठ, प्रार्थना आणि प्रसंगी उपदेशही मंडळीतील स्त्री-पुरुषांना शिकवून त्यांच्याकडे सोपविणे हे या परंपरेला धरूनच आहे. पहिले काही रविवार हे काम अडखळत होईल आणि पाळकाला ते स्वतः करून टाकण्याचा मोह होईल. तेथे त्याने आवर घालणे हाच त्याच्या नेतृत्वाचा सर्वांत अवघड भाग होय.

म्हणून प्रत्येक पाळकाने बदलीच्या वेळी तीन गोष्टी मागे ठेवाव्यात: सभासदांची अद्ययावत नोंदवही, तपासलेले हिशेब आणि त्याच्यावाचून रविवारची उपासना चालवू शकतील अशा किमान तीन व्यक्ती. परिषदेने ही अपेक्षा ठराव म्हणून स्वीकारावी आणि पुढील वर्षी तिच्या पूर्ततेचा आढावा घ्यावा, अशी अध्यक्षपदावरून विनंती आहे.