मणक्याचा उपचार आणि रुग्णालयाचे दार

मणक्यावर हाताने उपचार करणारी कायरोप्रॅक्टिक पद्धती डॅनियल डेव्हिड पामर यांनी १८९५ साली अमेरिकेत सुरू केली. बहुतेक सर्व रोगांचे मूळ सरकलेल्या मणक्यात असते, हा त्यांचा दावा वैद्यकशास्त्राला मान्य होणे शक्यच नव्हते. परंतु अमेरिकन मेडिकल असोसिएशन दाव्याची चिकित्सा करून थांबली नाही. या उपचारकांशी व्यावसायिक संबंध ठेवणेच तिने डॉक्टरांना निषिद्ध ठरविले. चेस्टर विल्क व त्यांचे सहकारी १९७६ मध्ये न्यायालयात गेले. १९८७ मध्ये हा बहिष्कार बेकायदेशीर ठरला. उपचार गुणकारी आहे, असा निर्वाळा मात्र न्यायालयाने दिला नाही. ते न्यायासनाचे कामही नव्हे!

खरे दार उघडले ते माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांत, २००४ पासून. तेथे डॉक्टर रुग्णाला तपासून कायरोप्रॅक्टरकडे पाठवितो आणि दोघांच्या नोंदी एकाच ठिकाणी होतात. अस्थिभंग वा कर्करोगाची शंका असल्यास मणक्याला हात लावण्यापूर्वीच ती लक्षात येण्याची सोय राहते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कंबरदुखीचे ७५० सैनिक होते. नेहमीच्या उपचारांना ज्यांच्या बाबतीत ही जोड मिळाली, त्यांच्या वेदना सहा आठवड्यांनी इतरांपेक्षा अधिक उतरल्या. लाभ मध्यम होता, चमत्कार नव्हे. शिवाय मानेला हिसका दिल्यानंतर रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याच्या घटना, क्वचित का होईना, नोंदल्या गेल्या आहेत. रुग्णाला हे आधी सांगणे, हाही उपचाराचाच भाग मानला पाहिजे.