नित्य व्यवहारातील ख्रिस्ती शील
(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेत दिलेले भाषण)



ह्या मंगल प्रसंगी आपणांपुढे चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली, तेव्हा आम्ही प्रथम संकोच पावलो. आपले देऊळ कोणी उभारले, त्यासाठी कोणी कोणी घाम गाळला व पदरचे द्रव्य दिले, हा वृत्तांत आमच्याहून जाणत्या मंडळींनी आताच सांगितला. तो ऐकून आमचे अंतःकरण अभिमानाने भरून आले. परंतु त्याच वेळी एक प्रश्नही मनात उभा राहिला, आणि तोच आज आपणांपुढे ठेवावा असे आम्ही ठरविले. वाडवडिलांनी देऊळ बांधले हे खरे. पण त्याच्या पायऱ्या उतरल्यावर आपण जसे वागतो, त्यावरून ह्या गावात ख्रिस्ताचे देऊळ आहे हे परक्या मनुष्यास कळेल काय?

रविवारची मिस्सा सुमारे एका तासाची असते. आठवड्याचे तास १६८. उरलेले १६७ तास आपण वाडीत, बाजारात, कचेरीत, आगगाडीत आणि घरात घालवितो. त्या एका तासात गुडघे टेकणारा मनुष्य आणि उरलेल्या तासांत व्यवहार करणारा मनुष्य हे दोन निराळे असतील, तर त्यांपैकी खरा कोणता, हे देव जाणतो. आणि आमची अशी समजूत आहे की शेजारीही जाणतो.

ह्या विषयास दाखला शोधण्यासाठी दूर जावयास नको. आपल्या वसईच्या भूमीत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया ह्यांचे नाव आपण नित्य घेतो. जपान देशात नागासाकी येथे ५ फेब्रुवारी १५९७ रोजी पंचवीस सोबत्यांसह त्यांस क्रूसावर मरण आले, आणि १८६२ साली नववे पायस महाराज ह्यांनी त्यांस संतपद दिले, हे आपल्या मुलांसही पाठ आहे. पण त्या क्रूसाच्या अलीकडे त्यांचे जे आयुष्य गेले, त्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. ते काही काळ व्यापारी होते. पुढे फ्रान्सिस्कन संघात गेले तेही धर्मगुरू म्हणून नव्हे, तर साधे धर्मबंधू म्हणून. मिस्सा अर्पण करण्याचा अधिकार त्यांस नव्हता. जपानी भाषा त्यांस उत्तम येत असल्यामुळे १५९३ साली फादर पेद्रो बाप्तिस्ता ह्यांच्यासोबत ते दुभाषी म्हणून त्या देशात परत गेले.

दुभाष्याचे काम किती नाजूक, ह्याचा विचार करावा. दोन्ही पक्ष त्याच्या जिभेवर विसंबलेले असतात. एक शब्द इकडचा तिकडे केला, तर त्यास पकडणारा कोणी नसतो. अशा जागी जो खरा राहिला, तो मरणाच्या वेळीही खरा राहिला, ह्यात आम्हांस आश्चर्य वाटत नाही. आणि प्रिय बंधुभगिनींनो, प्रत्येक ख्रिस्ती मनुष्य असाच एक दुभाषी आहे. आपल्या शेजारी राहणाऱ्या अन्यधर्मीय बांधवाच्या हाती कदाचित शुभवर्तमान कधीच पडणार नाही. त्यास प्रभूचे म्हणणे कळावयाचे ते आपल्या वागणुकीच्या भाषेतून. आपण खोटे वागलो, तर आपण भाषांतर चुकीचे केले असे होते, आणि दोष मात्र ख्रिस्ताच्या नावास लागतो.

आता मापाची गोष्ट घेऊ. दूध, भाजीपाला, फुले व केळी घेऊन पहाटेच्या गाडीने मुंबईस जाणाऱ्या कष्टाळू माणसांच्या पोटी आपला जन्म झाला. त्या व्यवसायात मोह दोनच, पण रोजचे. दुधात तांब्याभर पाणी मिसळावे. आणि टोपलीत कवळी वांगी वर रचून किडकी तळाशी दडवावी. घेणारा अनोळखी, पुन्हा भेटेल न भेटेल. त्यातून घरी मुलांची फी भरावयाची असते. मोह लहान खरा, पण तो रोज पहाटे येतो, आणि म्हणूनच बलवान असतो. आज आपल्यातील पुष्कळांनी टोपली खाली ठेवून लेखणी वा यंत्र हाती घेतले आहे. तरी ती टोपली अद्यापि आपल्यासोबत आहे. काम न करिता भरलेला हजेरीचा कागद, फुगविलेले बिल, मोलकरणीच्या पगारातून कापलेला एक दिवस, ही सर्व तळाशी दडविलेली किडकी वांगीच होत.

दुसरी गोष्ट शब्दाची. आपल्या भाषेत ‘पत’ हा एक सुंदर शब्द आहे. उसने मिळण्याची योग्यता ती पत, आणि लोकांतील अब्रू तीही पतच. भाषेने ह्या दोहोंची गाठ घातली ती उगीच नव्हे. सावकारीच्या पाशात सापडलेला येथील शेतकरी मोकळा व्हावा म्हणून मोन्सिन्योर पी. जे. मोनिस ह्यांच्या पुढाकाराने १९१८ साली बॅसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँकेची स्थापना झाली. सहकारी पतसंस्थेचा व्यवहार मूळचा कशावर चालतो? एक शेजारी दुसऱ्या शेजाऱ्यास जामीन राहतो. ‘हा मनुष्य बुडवणार नाही’ असे सांगून तो खाली आपली सही करितो. आमच्या मते ती सही म्हणजे एक प्रकारचा श्रद्धेचा अंगीकारच होय. म्हणून जो कर्ज काढून स्वस्थ बसतो आणि जामीनदाराच्या दारी नोटीस धाडतो, तो केवळ पैसे बुडवीत नाही. माणसावरील माणसाचा विश्वास बुडवितो. असा मनुष्य पुढे देवळात विश्वासांगीकार मोठ्याने म्हणतो, तेव्हा ऐकणाऱ्या जामीनदारास काय वाटत असेल?

तिसरी गोष्ट बांधाची, आणि ती बोलताना आम्हांस आमच्याच घराचे दार उघडावे लागणार आहे.

आपल्या पट्ट्यात जमिनीस सोन्याचा भाव आला, आणि ज्या बांधावर दोघे भाऊ एकत्र न्याहारी करीत, तो बांध मोजण्यासाठी साखळ्या आल्या. आम्ही व आमचे धाकटे बंधू ह्यांच्यातही वडिलोपार्जित वाडीच्या हातभर बांधावरून वितुष्ट आले. दावा उभा राहिला. नऊ वर्षे आम्ही एकमेकांशी बोललो नाही. ते देवळात डाव्या बाजूस बसत, आम्ही उजव्या. शांतीचे अभिवादन करावयाची वेळ आली की आम्ही आजूबाजूच्या सर्वांचे हात हाती घेत असू, पण पलीकडे पाहत नसू. आम्ही नियमाने पापनिवेदनास जात होतो. तेथे आम्ही रागाने बोललेला एखादा शब्द सांगत असू, चुकलेली प्रार्थना सांगत असू. तो हातभर बांध मात्र कधी सांगितला नाही, कारण त्यात आमची बाजू न्यायाची आहे अशी आमची खात्री होती.

वृद्ध मातोश्री आमच्यापाशी राहत. त्यांनी कोणाचाच पक्ष घेतला नाही. रोज संध्याकाळी रोझरी आटोपली की त्या एक ‘आमच्या बापा’ अधिक म्हणत आणि त्याच्या आधी दोन्ही मुलांची नावे घेत. धाकट्याचे नाव येताच आम्ही मान खाली घालीत असू. एके वर्षी उपवासकाळात पापनिवेदन ऐकणाऱ्या फादरांनी सहज विचारले, “घरी सर्वांशी बोलणे-चालणे आहे ना?” आमच्याने उत्तर देववेना. वेदीपाशी दान घेऊन आलेल्या मनुष्यास, आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असे स्मरले, तर त्याने दान तेथेच ठेवून आधी समेट करावा, अशी प्रभूची आज्ञा मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. आम्ही ती शेकडो वेळा ऐकली होती. त्या दिवशी प्रथमच ध्यानी आले की भाऊ चुकला की आपण, हा प्रश्न प्रभूने तेथे विचारलेलाच नाही. जो वेदीपाशी उभा आहे, त्यानेच निघावयाचे आहे.

त्या संध्याकाळी आम्ही बांध ओलांडून गेलो. दार भावजयीने उघडले. बंधू बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “दादा, आत ये.” एवढेच. दावा काढून घेण्यास त्यानंतरही एक वर्ष लागले, हे आम्ही लपवीत नाही. मनातील लोभ एका संध्याकाळीत जात नाही. परंतु त्या रात्री मातोश्रींनी ‘आमच्या बापा’ म्हटला तेव्हा दोघेही मुलगे त्यांच्यापाशी गुडघे टेकून होते.

बंधुभगिनींनो, राजेळी केळ्याची सुकेळी कशी होते हे आपणांस सांगावयास नको. एका दिवसाच्या कडक उन्हाने ती होत नाही. रोज उन्हात मांडावी, सांजेस उचलावी, उलटावी, पुन्हा मांडावी. तेव्हा कुठे तिच्यात ती गोडी येते आणि ती टिकते. ख्रिस्ती शीलही असेच आहे. महोत्सवाच्या एका दिवसाच्या उत्साहाने ते होत नाही. रोजचे पुरे माप, रोजचा पाळलेला शब्द, रोज गिळलेला एक कडू बोल, ह्यांनीच ते हळूहळू पक्व होते.

यास्तव ह्या महोत्सवाच्या वर्षी देवळास रंग देऊ, रोषणाई करू, पण त्यासोबत आपणांपैकी प्रत्येक घराने तीन लहान कामे करावी अशी आमची नम्र विनंती आहे. जे कमी दिले असेल, ते भरून द्यावे. जे कबूल केले असेल, ते पाळावे. आणि जे एखादे दार आपल्यासाठी किंवा आपल्यामुळे बंद झाले असेल, त्यावर आपण होऊन थाप मारावी. दार उघडेलच असे आम्ही सांगू शकत नाही. पण थाप मारणे आपल्या हाती आहे.

नाझरेथच्या घरी चूल, पाणी व सुतारकाम ह्यांतच देवाची सेवा पाहणारी आपली देवमाता मरिया, आणि आपल्या भूमीचे संत गोन्सालो गार्सिया, ह्यांच्या मध्यस्थीने हे बळ आपणां सर्वांस मिळो, अशी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.